तळमजल्याचा हिशेब: पुण्याच्या पेठांतील लहान घरबांधणीविषयी

पुण्याच्या पेठांमध्ये मोडकळीस आलेला वाडा उतरवून त्याच्या जागी आठ-दहा बिऱ्हाडांची लहान इमारत उभी करण्याचे काम वरवर पाहता किरकोळ वाटते. परंतु ज्या वास्तुरचनाकारांनी ते वर्षानुवर्षे केले आहे त्यांना ते मोठ्या वसाहतीच्या आखणीहून अवघड वाटते, कारण येथे झालेली चूक एका इमारतीपुरती राहत नाही, ती साऱ्या बोळाला भोगावी लागते. या कामाच्या अनुभवातून निघणारा निष्कर्ष आरंभीच सांगायचा तर तो असा की, पेठेचे रूप टिकते किंवा जाते ते तळमजल्यावर. आणि तळमजल्याचे काय होणार हे दर्शनी भागाचे चित्र काढण्याच्या कितीतरी आधी, किती घरे बसवायची, ती केवढी असायची आणि त्यांतल्या माणसांच्या गाड्या कोठे उभ्या राहायच्या या हिशेबात ठरून गेलेले असते.

पुण्याची सर्वांत जुनी वस्ती कसब्याची. १७३० मध्ये शनिवारवाड्याचे काम सुरू झाले, १७३२ मध्ये पहिले बाजीराव पेशवे तेथे राहावयास आले, आणि त्यानंतरच्या दोन-तीन पिढ्यांत कसब्याच्या भोवती वारांच्या नावांच्या पेठा भरत गेल्या, तर दक्षिणेकडे आणि नदीच्या बाजूला सदाशिवरावभाऊंच्या नावाची सदाशिव पेठ आणि नारायणराव पेशव्यांच्या नावाची नारायण पेठ वसली. पेठ म्हणजे निव्वळ राहण्याचा भाग नव्हता. व्यापारउदीम वाढावा म्हणून सरकारने सवलती देऊन वसवलेला आणि शेटे-महाजनांच्या देखरेखीखाली चालणारा तो बाजार आणि वस्ती यांचा एकत्रित विभाग होता. त्यामुळे रस्त्याकडची बाजू प्रत्येकाला हवी असे, आणि साहजिकच जागा पाडल्या गेल्या त्या तोंडाला अरुंद आणि आत खोल गेलेल्या. शेजाऱ्याशी भिंत सामाईक, समोर रस्ता, मागे परसू किंवा दुसऱ्या वाड्याची पाठ, अशा जागेत उजेड आणि वारा आणायचा तर तो वरूनच आणावा लागतो, आणि वाड्याचा चौक हे त्या गरजेचे उत्तर होते.

वाड्याची बांधणीही समजून घ्यावयास हवी. घडीव दगडाच्या जोत्यावर, म्हणजे जमिनीपासून उचललेल्या चौथऱ्यावर, सागवानी खांब आणि तुळया यांचा सांगाडा उभा राही आणि खांबांमधल्या जागेत विटामातीची भिंत भरली जाई. दोन खांबांमधल्या अंतराला खण म्हणत. ते साधारण पाच-सहा फुटांचे असे आणि घर केवढे हे खणांवरूनच सांगितले जाई. वरच्या मजल्याची जमीन कडीपाटाची, म्हणजे तुळयांवर जवळजवळ बसवलेल्या लाकडी कड्या, त्यांवर फळ्या आणि त्यांवर मातीचा जाड थर अशी असे. सांगाडा लाकडी आणि भिंती केवळ भरावाच्या असल्यामुळे एखादी भिंत पडली तरी घर उभे राही, आणि एखादा खांब कुजला तर टेकू देऊन तेवढाच बदलता येई.

या बांधणीपेक्षाही वस्तीचा स्वभाव घडवणारी गोष्ट म्हणजे रस्ता आणि माजघर यांच्यामधला टप्प्याटप्प्याचा प्रवास. आधी एक-दोन पायऱ्या, मग जोत्याचा पुढे आलेला ओटा, मग चौकट, मोठ्या दरवाजाच्या फळीत बसवलेली दिंडी, म्हणजे वाकून आत जाण्याचे लहान दार, मग दोन्ही बाजूंना बसायला कट्टे असलेली देवडी, मग उघडा चौक, चौकाच्या कडेची ओसरी आणि तिच्यापलीकडे माजघर. भाजीवाली ओट्यापर्यंत येई, निरोप्या देवडीपर्यंत, ओळखीचा माणूस ओसरीपर्यंत, आणि माजघरात घरचीच माणसे वावरत. या उतरंडीत जातीची आणि सोवळ्याओवळ्याची बंधने घट्ट गुंतलेली होती, कोणाला दारातूनच परत जावे लागे आणि घरातल्या बायकांना किती पुढे येता येई हेही तीच ठरवीत असे, हे विसरून वाड्याचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे होईल. तरीसुद्धा त्या बंधनांखेरीज या टप्प्यांचा एक उपयोग होता आणि तो आजही आहे: रस्त्यावरचा आणि घरातला माणूस यांना एकमेकांच्या अंगावर न येता एकमेकांजवळ राहता येत असे. कसब्यातल्या तांबट आळीत हा उपयोग अजून प्रत्यक्ष दिसतो. तेथे खालच्या खोलीत तांब्याच्या भांड्यावर हातोडीचा एकेक ठोका देत त्याला घाट आणि बळकटी आणणारे मठारकाम चालते आणि कारागिराचे कुटुंब त्याच घरात राहते. अशा घराचा तळमजला काढून घेतला तर आळीचे नाव तेवढे राहील, तिचा धंदा राहणार नाही.

वाडे मोडकळीस का आले याची कारणे सर्वांना परिचित असली तरी रचनेवर त्यांचा थेट परिणाम होत असल्यामुळे ती थोडक्यात नोंदवणे आवश्यक आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी जवळजवळ १९४० च्या पातळीवर गोठली. १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा मार्च २००० च्या अखेरीस अमलात आला तरी जुन्या भाडेकरूंच्या भाड्यात आणि दुरुस्तीच्या खर्चात मेळ बसण्याजोगा फरक पडला नाही. मालकाला कौले फिरवणे परवडेना, भाडेकरूला दुसऱ्याच्या मालकीच्या भिंतीवर पैसा घालणे पटेना, आणि या दोघांच्या मधोमध पावसाचे पाणी तुळईच्या टोकात मुरत राहिले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटून आलेल्या पुराने नदीकाठच्या पेठांतील मातीच्या भिंती विरघळवल्या आणि तेथली पुष्कळ घरे एका दिवसात गेली. आज ज्या बिऱ्हाडांसाठी नवी इमारत बांधायची असते त्यांनी सामाईक संडासापुढच्या रांगा, गळके छप्पर आणि उभ्या जिन्याची चढउतार यांत आयुष्य काढलेले असते. स्वतःचे न्हाणीघर, उद्वाहन आणि पावसाळ्यात कोरडी राहणारी खोली ही त्यांची मागणी पूर्णपणे रास्त आहे, आणि वारशाच्या नावाखाली ती दुय्यम मानणाऱ्या रचनाकाराने हे काम न घेतलेले बरे.

पुनर्विकासाचे गणित चटईक्षेत्र निर्देशांकापासून सुरू होते. भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल हे सांगणाऱ्या या प्रमाणाला बोलीभाषेत सर्वजण एफएसआय म्हणतात. डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रे वगळून राज्यभर लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत जुन्या दाट वस्तीसाठी स्वतंत्र तरतुदी आहेत आणि भाडेकरूंना पुन्हा घर दिल्यास वाढीव क्षेत्रही मिळते. इथपर्यंत अडचण नाही. अडचण उभी राहते ती वाहनतळाच्या नियमापाशी. एका चारचाकीसाठी अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा धरली जाते, म्हणजे साडेबारा चौरस मीटर. ज्या बारा फूट लांबरुंद खोलीत वाड्यातले एक अख्खे बिऱ्हाड संसार करीत होते तिच्यापेक्षा ही जागा फारशी कमी नाही. गाडीला आत वळण्यासाठी लागणारी मोकळी जागा तिच्यात धरलेलीच नाही. अरुंद तोंडाच्या भूखंडावर चार-पाच गाड्या बसवायच्या ठरल्या की तळमजला आपोआप खांबांवर मोकळा सोडावा लागतो, दर्शनी बाजूची सर्व रुंदी गाडीच्या वाटेला जाते, आणि ओटा, देवडी, दुकान, खिडकी यांपैकी काहीही रस्त्यावर उरत नाही. एका बोळात अशा चार इमारती लागोपाठ झाल्या की चालणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर फक्त काळोखी खांब आणि लोखंडी फाटके राहतात.

अशा इमारतीच्या वरच्या मजल्यांवर पुढे महिरपी, लाकडी भासणारे कोरीव हात आणि कमळाचे गोल बसवून ती पेशवाई वळणाची केली जाते, आणि हे करणाऱ्यांचा हेतू बहुतेकदा चांगलाच असतो. आपल्या पेठेची ओळख राहावी असे मालकालाही वाटते आणि शेजाऱ्यांनाही. परंतु १८०७ च्या विश्रामबागवाड्याच्या सागवानी सज्जाला जे सौंदर्य आहे ते त्याच्यामागे खरोखरच लाकडी सांगाडा आहे आणि कोरीव भाग त्या सांगाड्याचे वजन तोलतो यामुळे आहे. काँक्रीटच्या तुळईवर स्क्रूने बसवलेल्या हाताला तोलण्यासारखे काहीच नसते, आणि काही वर्षांत त्याचा रंग उडाला की तो कोणी पुन्हा रंगवीतही नाही. सदाशिव किंवा शनिवार पेठेतली बहुसंख्य घरे मुळात साधीच होती, कोरीवकाम थोड्या मातब्बरांच्या वाड्यांना परवडत होते, आणि महापालिकेच्या वारसायादीत श्रेणी मिळालेल्या वास्तू एकूण वस्तीच्या मानाने मोजक्या आहेत. वस्तीचे रूप या साध्या घरांनी धरून ठेवलेले आहे आणि नव्या रचनेने त्यांच्याशीच नाते जोडावयास हवे.

प्रस्तुत लेखकाच्या कामातील सदाशिव पेठेतले एक उदाहरण या हिशेबाचे स्वरूप दाखवण्यास पुरेसे आहे. जागा तोंडाला सुमारे पंचवीस फूट, आत सुमारे नव्वद फूट. समोरचा बोळ जेमतेम पंधरा फुटांचा. मालकांची दोन कुटुंबे, पाच भाडेकरू, आणि भाडेकरूंपैकी एकाचे रस्त्याला लागून शिवणकामाचे दुकान. बांधकामाचा खर्च काही घरे विकून भागवायचा होता. पहिला विचार, जो अशा बहुतेक कामांत पहिला येतो, असा होता की भाडेकरूंना नियमाप्रमाणे देणे असलेली घरे मागच्या बाजूला द्यावीत आणि विक्रीसाठी पुढे प्रत्येक मजल्यावर एकच प्रशस्त घर ठेवावे, कारण मोठ्या घराला भाव चांगला येतो. तसा नकाशा काढताच तळमजला संपला. घर जितके मोठे तितकी त्याच्याबरोबर चारचाकीची सक्ती येते आणि घर जितके लहान तितका नियमाचा भर दुचाकीवर राहतो, त्यामुळे तीन मोठ्या घरांच्या गाड्यांनी शिंप्याचे दुकान, देवडी आणि चौक हे तिन्ही गिळले होते. मग तेच क्षेत्र अधिक लहान घरांत विभागून पाहिले, तेव्हा गाड्यांची जागा दुचाकींच्या रांगेवर आली, ती रांग मागच्या भागाखाली बसली, आणि पुढचा तळमजला मोकळा झाला. लहान घराला पेठेत गिऱ्हाईक मिळत नाही ही समजूतही तपासून पाहण्यासारखी आहे. मंडई, दवाखाने, शाळा, बसथांबे पायी अंतरावर असल्यामुळे वयस्क जोडपी, स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासासाठी आलेले तरुण आणि पेठेतच वाढलेल्या पण जागेअभावी बाहेर गेलेल्या मुलांची नवी बिऱ्हाडे यांना हवे असते ते लहान घरच.

पुढच्या तळमजल्याची आखणी मग इंचाइंचाने करावी लागली. एका बाजूला आठ फुटी देवडी, जिच्यातून माणसेही जातात आणि दुचाकी ढकलत नेता येते. दुसऱ्या बाजूला शिंप्याचे दुकान. आणि या दोहोंच्या पुढे ओटा. ओट्याबाबत दोन अडचणी होत्या. पहिली अशी की जुने ओटे अनेकदा आपल्या हद्दीबाहेर सरकलेले असत आणि नव्या बांधकामाला ते अतिक्रमण ठरते. म्हणून तळमजल्याची भिंत हद्दीपासून तीन फूट आत घेतली, वरचे मजले हद्दीवर ठेवले, आणि ओटा आपल्याच जागेत, वरच्या मजल्याच्या सावलीत आला. दुसरी अडचण उंचीची होती. पेठांतील रस्त्यांवर डांबराचे आणि पुढे काँक्रीटचे थर चढत गेल्यामुळे रस्ता वर आला आहे आणि जुन्या वाड्यांची पहिली पायरी बहुतेक ठिकाणी गाडली गेली आहे, कित्येक ठिकाणी तर रस्त्याचे पाणी उंबऱ्यावरून आत येते. ओटा बसण्याच्या उंचीचा, म्हणजे सुमारे सोळा-सतरा इंचांचा ठेवायचा, पण रस्ता पुन्हा वर येईल हे गृहीत धरून आतली जमीन त्याहून एक पायरी उंच घ्यायची, असे ठरले. ओट्याला जुन्या जोत्याचेच काळे घडीव दगड वापरले. त्यांच्या कडा दीडदोनशे वर्षांच्या पावलांनी गोल झालेल्या होत्या आणि त्या तशाच ठेवल्या. राहणाऱ्यांपैकी काहींना ओट्यावर कोणीही येऊन बसेल अशी भीती वाटत होती आणि जाळी लावावी असा त्यांचा आग्रह होता. दुकान उघडे असताना ओट्यावर आपोआप नजर राहते हे काही महिन्यांत दिसून आल्यावर जाळीचा विषय मागे पडला. ओटा दुकानाशिवाय असता तर कदाचित भीती खरी ठरली असती, म्हणून हे दोन्ही एकत्र आखावेत असे या कामातून निश्चितपणे म्हणता येते.

चौकाच्या बाबतीत विकसकांचा आक्षेप नेहमीचा असतो: विकता येणारी जागा आभाळाला का सोडायची? त्याऐवजी शौचालयांच्या खिडक्या उघडतील एवढी उभी पोकळी, जिला सर्वजण डक्ट म्हणतात, ठेवली की नियम भागतो. परंतु नव्वद फूट खोल इमारतीत मधल्या खोल्यांना डक्टमधून उजेड मिळत नाही, मिळतो तो फक्त सांडपाण्याच्या नळांचा वास. सदर इमारतीत मध्यभागी तेरा फूट रुंद आणि अठरा फूट लांब चौक ठेवला, जिना आणि उद्वाहन त्याच्या एका बाजूला आले, आणि सर्व स्वयंपाकघरांच्या खिडक्या चौकाकडे काढल्या. नळ मात्र चौकात न आणता जिन्यामागच्या स्वतंत्र पोकळीतून नेले, कारण एकदा नळ चौकात आले की लोक चौकाकडे पाठ फिरवतात. उन्हाळ्यात चौकातली हवा तापून वर जाते आणि देवडीतून बोळातली गार हवा तिच्या जागी ओढली जाते, हे जुन्या वाड्याला जमत होते ते येथेही जमले. त्यासाठी देवडीचे दार जाळीदार ठेवणे पुरेसे झाले. चौकाने खाल्लेले क्षेत्र विचारात घेऊनही घरे विकली गेली, कारण मधल्या खोल्यांत दिवसा दिवा लावावा लागत नाही हे गिऱ्हाइकाला सांगावे लागत नाही, ते त्याला आत शिरताच कळते.

वरच्या मजल्यांवर फारसे करण्यासारखे नसते आणि करूही नये. शेजारच्या दोन घरांच्या खिडक्यांच्या वरच्या कडा आणि पागोळ्यांची रेघ मोजून घेतली. मजल्याची उंची जुन्याइतकी ठेंगणी ठेवता येत नसल्यामुळे रेघा तंतोतंत जुळल्या नाहीत, पण पहिल्या मजल्याचा छज्जा शेजाऱ्याच्या पागोळीशी जुळवता आला. काँक्रीटचे खांब बारा फुटांवर असले तरी खिडक्या खणाच्या अंतराने, म्हणजे सहा-सहा फुटांवर, उभट आकाराच्या आणि बैठ्या उंबऱ्याच्या ठेवल्या. सर्वांत वरचा मजला पुढून सात फूट मागे घेतला. बोळ अरुंद असल्यामुळे तेवढ्यानेच तो खालून दिसेनासा होतो, आणि त्यापुढची उघडी गच्ची गणपतीच्या दिवसांत खालची मिरवणूक पाहायला साऱ्या इमारतीला उपयोगी पडते.

या प्रकारच्या कामातला सर्वांत चिंतेचा काळ रचनेचा नसून पाडकामाचा आणि पायाचा असतो. सामाईक भिंतीच्या एका बाजूचा वाडा उतरवला की दुसऱ्या बाजूच्या घराची भिंत एकाएकी उघडी पडते. दोन घरांनी एकमेकांना दिलेला आधार गेलेला असतो आणि आजवर कधीच पाऊस न पाहिलेली मातीची भिंत आभाळाखाली येते. त्यामुळे पाडकाम पावसाळा संपल्यावर हाती घेणे, तुळया ओढून न काढता वरून खाली एकेक उतरवणे, उघड्या भिंतीला लगेच टेकू देऊन तिच्यावर चुन्याचा गिलावा करणे, या गोष्टी कंत्राटातच लिहून घ्याव्या लागतात. येथे सिमेंटचा गिलावा करण्याचा मोह आवरावा, कारण सिमेंट मातीच्या भिंतीतला ओलावा बाहेर पडू देत नाही आणि भिंत आतून फुगते. पायाचे खोदकामही सलग न करता चार-पाच फुटांच्या तुकड्यांत, एक सोडून एक, करावे लागते. जुन्या वस्तीची माती राखेने आणि शतकांच्या केरकचऱ्याने भुसभुशीत, पांढरट झालेली असते आणि तिच्यावर इमारतीचा भार टाकता येत नाही. मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खाली जावे लागते, आणि जाताना कधी बुजवलेला आड लागतो, कधी जुन्या हौदाकडे जाणारा दगडी बांधणीचा पाट. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजच्या तलावांतून आणलेल्या पाण्याचे बंदिस्त नळ आणि त्यांवरचे उच्छ्वास, म्हणजे हवा आणि दाब सुटण्यासाठी बांधलेले मनोरे, पेठांच्या पोटात अजून ठिकठिकाणी आहेत. आड सापडला तर तो भरून न टाकता त्यात गच्चीचे पाणी सोडण्याचा प्रयत्न या कामांत केला गेला आहे आणि जेथे मालकांनी मान्य केले तेथे तो यशस्वीही झाला आहे.

उतरवलेल्या सागवानाचे काय करावे, हा प्रश्न भावनेचा तसाच पैशाचाही आहे. नक्षीचे खांब आणि दरवाजे जुन्या वस्तूंच्या बाजारात चढ्या भावाने जातात आणि पाडकामाचा खर्च त्यातून निघावा अशी मालकाची अपेक्षा असते. साध्या तुळया मात्र कापून चौकटींसाठी विकल्या जातात. यांतील चांगल्या तुळया कुजलेली टोके कापून, खिळे काढून, रंधून घेतल्या तर त्यांच्यातून जिन्याच्या पायऱ्या, कठड्याचे हात आणि दारे निघतात. इतके जुने मुरलेले सागवान आज पैसे देऊनही सहज मिळत नाही. सदाशिव पेठेतल्या त्या इमारतीत देवडीचे दोन खांब पुन्हा देवडीतच उभे केले, परंतु ते नुसते चिकटवले नाहीत, त्यांच्यावर देवडीच्या माळवदाचा भार खरोखरच ठेवला, आणि त्यासाठी संरचना अभियंत्याशी बरीच चर्चा करावी लागली.

नियमांविषयी बोलताना त्यांचे मूळ हेतू विसरणे योग्य ठरणार नाही. इमारतीभोवती मोकळी जागा सोडण्याची सक्ती ज्या विचारातून आली त्याच्यामागे १८९७ च्या प्लेगसारख्या साथींनी दाखवून दिलेली कोंदट घरांची भीषण किंमत आहे. परंतु पंचवीस फुटी तोंडाच्या जागेवर दोन्ही बाजूंना सोडलेली अरुंद फट उजेड देत नाही, तिच्यात केर साचतो आणि घुशी वावरतात. तेच क्षेत्र चौकात एकवटले तर उजेडही मिळतो आणि रस्त्याची सलग भिंतही राहते. रस्तारुंदीची नियोजित रेषा हा दुसरा तिढा. जो वाडा आधी पडतो तो रेषेमागे सरकतो, शेजारचे वाडे जुन्या रेषेवरच राहतात, आणि मध्ये तयार झालेल्या खाचेत हातगाड्या, मोडक्या सायकली व कचराकुंडी येऊन बसते. अख्खा रस्ता रुंद होण्याची वाट पाहत या खाचा पिढ्यान् पिढ्या तशाच राहतात. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झालेले पॅट्रिक गेडिस यांनी भारतीय शहरांच्या पाहणीत सरसकट रस्तारुंदीला विरोध केला होता आणि अगदी आवश्यक तेथेच, वस्तीला कमीत कमी धक्का देत, मोडकी घरे काढून मोकळी जागा निर्माण करावी असे सुचवले होते. शंभर वर्षांनंतरही पेठांना लागू पडणारा याहून चांगला सल्ला दिसत नाही.

ओटा ही केवळ जुन्या श्रीमंत घरांची चैन नव्हे, हे दाखवून देणारे काम पुण्यातच जन्मलेल्या बाळकृष्ण दोशी यांनी केले. १९२७ मध्ये लाकूडकामाचा व्यवसाय असलेल्या पुण्यातील एकत्र कुटुंबात त्यांचा जन्म झाला, आणि इंदूरच्या अरण्य वसाहतीत अत्यल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना घरे देताना त्यांनी घराचा गाभा अगदी लहान ठेवला, परंतु दारापुढचा ओटा आणि बाहेरून जाणारा जिना यांना जागा दिली. जे तेथे मोकळ्या माळावर शक्य झाले ते पेठेच्या बोळात अधिक कष्टाचे आहे, तरी त्यातला क्रम घेण्यासारखा आहे: आधी दार आणि रस्ता यांच्यामधली जागा ठरवायची, मग खोल्या.

एकेकटी लहान जागा परवडत नाही म्हणून तीन-चार वाडे एकत्र करून एकच मोठी इमारत उभारावी, हा उपाय अलीकडे वारंवार सुचवला जातो. त्यातले आर्थिक तर्कशास्त्र खरे आहे. जिना, उद्वाहन, पाण्याची टाकी आणि अग्निशमनाची सोय यांचा खर्च आठ घरांवर वाटण्यापेक्षा तीस घरांवर वाटणे सोपे. परंतु पेठेचा पोत पंचवीस-तीस फुटांच्या तोंडांनी विणलेला आहे, दर काही पावलांवर नवे दार, नवा ओटा, नवे दुकान येते, आणि शंभर फुटांची एकच दर्शनी बाजू आली की बोळातली तेवढी दारे एका फाटकात मिटतात. दोन शेजारी मालकांनी जागांची मालकी आणि दारे वेगळी ठेवून फक्त जिना, उद्वाहन आणि चौक सामाईक करावेत, हा मधला मार्ग प्रस्तुत लेखकाला अधिक योग्य वाटतो. सामाईक भिंतीवर शतकभर राहिलेल्या कुटुंबांना सामाईक जिना नवा नाही, पण दोन्ही घरांच्या वारसांच्या सह्या एकाच वेळी मिळवणे आणि देखभालीचा खर्च कोणी किती द्यायचा हे नोंदणीकृत करारात बसवणे याला नकाशापेक्षा जास्त वेळ लागतो.

इमारत उभी राहिल्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत तळमजल्याचा आणि चौकाचा खरा कस लागतो. पहिल्याच पावसाळ्यात कोणीतरी चौकावर पारदर्शक पत्रा टाकण्याची सूचना करतो, कारण खाली दुचाकी भिजतात. देवडीत कोणाचे तरी कपाट येऊन बसते. दुकान रिकामे झाले की ती जागा गाडीसाठी विकत घेण्याची तयारी एखादा सदनिकाधारक दाखवतो. या तिन्ही गोष्टी मागाहून थोपवता येत नाहीत, म्हणून त्यांची तरतूद आधीच केली जाते. मंजूर नकाशात दुकान दुकान म्हणूनच दाखवायचे, चौक आणि देवडी सामाईक असल्याचे प्रत्येक घराच्या करारनाम्यात नमूद करायचे, चौकाच्या तोंडावर पक्ष्यांसाठी आणि सुरक्षिततेसाठी जाळी सुरुवातीलाच बसवायची, आणि चौकाच्या चारही कडांना तीन फुटांचा छज्जा काढून त्याखाली दुचाकींना कोरडी जागा द्यायची, म्हणजे पत्र्याची मागणी करण्याचे कारणच राहत नाही.